मरगळीचे माती परीक्षण

गेल्या काही महिन्यांत तालुक्यातालुक्यांतून जे अहवाल आमच्याकडे आले, त्यांत एक वाक्य सगळीकडे सारखे आहे : "लोकांत आता पूर्वीची उमेद राहिली नाही." बैठकीचा निरोप दिला तर माणूस येत नाही. आला तर बोलत नाही. बोलला तर "काय उपयोग?" एवढेच बोलतो आणि तंबाखू मळत बसतो. तरुण पोरे पारावर मोबाईलमध्ये डोके घालून बसलेली. शेतातही तेच. वाफसा आला तरी पाळी घालायची घाई नाही, तण गुडघ्याला लागल्यावर मजूर शोधायला निघायचे, आणि माल तयार झाला की त्या दिवशी जो भाव असेल त्या भावाने देऊन मोकळे व्हायचे. कार्यकर्त्यांनी निदानही करून पाठवले आहे : लोक आळशी झाले. रेशनचे धान्य फुकट मिळते, चार महिन्यांनी खात्यात दोन हजार पडतात, मग कोण कशाला हात हलवील? आणि निदानासोबत औषधही सुचवले आहे : एखादा जोरदार वक्ता पाठवा, लोकांना जरा पेटवून जाऊ द्या.

आम्हाला हे निदान मान्य नाही, आणि औषध तर त्याहून नाही.

सोयाबीन पिवळे पडले म्हणून धावत कृषी केंद्रात जाणारा शेतकरी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण पिवळेपणा हा रोग नव्हे, ती खूण आहे. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी पडले. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर चुनखडीच्या रानात पिकाला लोह मिळत नाही. सखल भागात पट्टाच्या पट्टा पिवळा पडला तर पाणी साचून मुळे गुदमरली. आणि पानावर हिरवी-पिवळी नक्षी उमटली तर पांढऱ्या माशीने मोझॅक आणला, ते झाड उपटूनच टाकायचे. बांधावरून पाहिले तर चारही रानांचा रंग एकच. दुकानदाराला "पिवळे पडले" एवढेच सांगितले तर त्याला जी बाटली खपवायची असेल ती तो हातात देतो. जोरदार वक्ता ही चळवळीच्या दुकानातली तशीच बाटली आहे. मोझॅकच्या रानात युरिया टाकल्याने पैसे जातात, पीक सुधारत नाही. मरगळीचेही तसेच आहे. बसलेला माणूस बांधावरून एकसारखा दिसतो. तो का बसला आहे हे जवळ जाऊन पाहावे लागते.

आळसाचा आरोप तर फार जुना. १८८९ साली इंग्रज सरकारने डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाच्या शेती रसायनशास्त्रज्ञाला हिंदुस्थानात पाठवले. इथली शेती कशी सुधारावी ते सांग म्हणून. तो प्रांताप्रांतांतून हिंडला आणि १८९३ साली निघालेल्या अहवालात त्याने साहेबलोकांना न आवडणारी गोष्ट लिहून ठेवली : इथला चांगला रयत इंग्लंडच्या सरासरी शेतकऱ्याहून कमी नाही, काही बाबतीत सरसच आहे, कमतरता आहे ती साधनांची. पुढे १९६४ साली थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने पारंपरिक शेतीवर पुस्तक लिहिले. त्यात उत्तर प्रदेशातल्या सेनापूर गावाचा हिशेब आहे. त्याचे सांगणे असे की हा शेतकरी गरीब असला तरी अडाणी नाही. हाताशी आहे त्यातून जेवढे निघण्यासारखे आहे तेवढे तो काढतोच. त्यापुढे आणखी घाम गाळून पदरात काही पडणार नसेल तर तो गाळत नाही. १९७९ साली शुल्ट्झना नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या आजीला हे पारितोषिक न मिळवताही ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे मरगळीचा पहिला प्रकार आळस नसून हिशेब आहे. कष्ट आणि फळ यांच्यामध्ये एक दोरी असते. कष्टाचे टोक ओढले की फळाचे टोक हलले पाहिजे. कांदा उत्पादकाची ही दोरी कशी कापली गेली ते आठवा. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के कर बसला. तेवढ्याने भागले नाही म्हणून ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली, ती ४ मे २०२४ पर्यंत. उघडली तेव्हाही कर होताच. तो सप्टेंबर २०२४ मध्ये निम्मा झाला आणि १ एप्रिल २०२५ ला गेला. या दीड वर्षात ज्याने चाळ नीट बांधली, कांदा सुकवून, निवडून भरला, त्याचे आणि ज्याने वावरातच ढीग लावला त्याचे नशीब एकाच सरकारी कागदाने ठरले. चांगल्या चाळीचा उपयोग झाला नाही असे नाही, पण त्या कागदापुढे तो फार थोडा होता. सोयाबीनचे तेच. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झालेला, आणि बाजार समितीत माल त्याच्या बराच खाली चाललेला. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसाच्या आयातीवरचा ११ टक्के कर उठवला, आपला कापूस बोंडात असताना. असे तीनचार हंगाम पाहिलेला माणूस चौथ्या कोळपणीला निघत नसेल तर त्याला आळशी म्हणणाऱ्याने आधी त्याची वही तपासावी.

याच ठिकाणी कोणीतरी हमखास गीतेतला निष्काम कर्माचा दाखला देतो. फळाची आशा धरू नये म्हणे. हा उपदेश आडत्याला, कारखानदाराला, बँकेच्या शाखाधिकाऱ्याला केलेला आम्ही अजून ऐकला नाही. तो शेतकऱ्याच्याच वाट्याला का येतो?

आणि आळसच असता तर तो सगळीकडे दिसला असता. त्याच नाशिक जिल्ह्यात, त्याच घरात, कांद्याच्या रानाकडे न फिरकणारा माणूस द्राक्षाच्या बागेत डाऊनीच्या धास्तीने ढग पाहत रात्र जागवतो आणि पहाटे फवारणीचा ट्रॅक्टर जोडतो. निर्यातीची बाग असेल तर कोणते औषध कधी मारले याची तारीखवार वही ठेवतो. द्राक्षात बुडालेले लोक काही कमी नाहीत. पण तिथे मण्याची फुगवण, साखर, रंग यांचा आणि मिळणाऱ्या पैशाचा काहीतरी संबंध त्याला दिसतो. दोरी हलते. गाव सोडून तालुक्याला गॅरेज टाकणारा पोरगा दिवसाचे चौदा तास ग्रीसमध्ये हात घालतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. आणि शेतीतून बाहेर पडण्याचा त्याचा निर्णय हीसुद्धा एक उमेदच आहे, ती आपल्याला आवडो वा न आवडो.

१९८० साली चाकणच्या कांद्यासाठी आणि १९८१ साली निपाणीच्या तंबाखूसाठी लोक रस्त्यावर बसले. ते काही वेगळ्या मातीचे नव्हते. रस्त्यावर बसलो तर भाव हलेल असे त्यांना त्या वेळी वाटले, एवढाच फरक.

तर हिशेबाने बसलेल्या माणसाला पेटवायला जाऊ नये. त्याचा हिशेब बरोबर आहे हे आधी कबूल करावे. एवढ्यानेसुद्धा तो अर्धा उठतो असा आमचा अनुभव आहे, कारण त्याला आजवर जो तो उपदेशच करत आला आहे.

पण आता अवघड भाग येतो. हिशेबाने बसलेला माणूस भाव चढला की उठतो. काही माणसे भाव चढला तरी उठत नाहीत. कर्जमाफी आली तरी त्यांना अर्ज भरावासा वाटत नाही, पाऊस वेळेवर पडला तरी पेरणीची लगबग नाही. हा दुसरा प्रकार आहे, आणि तो समजून घ्यायला एका जुन्या प्रयोगाची मदत होते.

१९६७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या दोघांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. प्रयोग क्रूर होता, त्याचे समर्थन आम्ही करत नाही. काही कुत्र्यांना विजेचे धक्के दिले, पण डोक्याने एक पाटी दाबली की धक्का थांबे. दुसऱ्या गटाला तेवढेच धक्के दिले, पण त्यांनी काहीही केले तरी थांबत नसत. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवले की मधले बुटके फळकूट ओलांडले की सुटका. पहिल्या गटातली कुत्री उडी मारून पलीकडे गेली. दुसऱ्या गटातली बहुतेक तिथेच आडवी पडून धक्के सोसत राहिली. पळायची वाट समोर होती, धक्केही पहिल्या गटाइतकेच खाल्लेले होते. फरक एकच होता : आपण काही केल्याने काही होते हा अनुभव त्यांना मिळालेला नव्हता.

यापुढची गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या पडून राहिलेल्या कुत्र्यांना पलीकडून बोलावून, चुचकारून काही उपयोग झाला नाही. त्यांच्या गळ्यात दोरी बांधून त्यांना त्या फळकुटावरून पुन्हा पुन्हा ओढून न्यावे लागले. पाय प्रत्यक्ष पलीकडे पडले, धक्का प्रत्यक्ष थांबला, असे बऱ्याच वेळा झाले, तेव्हा कुठे ती आपली आपण उडी मारू लागली. माणूस म्हणजे कुत्रे नव्हे. पण भाषणाने मरगळ का जात नाही, याचे उत्तर आम्हाला यात सापडते. भाषण म्हणजे पलीकडून मारलेली हाक. पाय पलीकडे पडण्याचा अनुभव हाकेने मिळत नाही.

पन्नास वर्षे होत आली तेव्हा, २०१६ साली, याच दोघा शास्त्रज्ञांनी मेंदूवरचे नवे संशोधन पाहून आपला सिद्धान्त उलटा करून मांडला. आधी ते म्हणत होते की प्राणी हतबलता शिकतो. आता ते म्हणाले की हतबलता शिकावी लागतच नाही. लांबलेल्या संकटापुढे निपचित पडणे ही शरीराची मूळचीच सवय आहे. शिकावे लागते ते दुसरेच : काही गोष्टी आपल्या हातात असतात हे. आम्हाला हा बदल मोठा महत्त्वाचा वाटतो. शेताचेही असेच नाही का? रान पडीक टाकले की तण आपोआप येते, ते कोणी पेरत नाही. पेरावे लागते ते पीक. तेव्हा "तुझी हिंमत कुठे गेली" असे कोणाला विचारण्यात अर्थ नाही. ती कुठे गेलेली नसते, ती त्या वर्षी पेरलेलीच नसते.

आणि पेरायची कशाने? लहान गोष्टींनी. मोठ्या मागणीने सुरुवात केली आणि ती फसली की "काही केल्याने काही होत नाही" हाच धडा आणखी एकदा गिरवला जातो. म्हणून गावाने पहिली गोष्ट अशी धरावी की जिचे फळ आठपंधरा दिवसांत डोळ्यांना दिसेल आणि ती कोणा मंत्र्याच्या सहीवर अडलेली नसेल.

उदाहरण म्हणून घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण चाचणी घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनी शंभर दाणे मांडायचे, वर दुसरे ओले गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे. सहासात दिवसांनी उलगडून निरोगी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो पेरा. सत्तरच्या खाली जितके दाणे कमी, त्या प्रत्येकाला अर्धा किलो बियाणे वाढवा. साठच्या खाली आले तर ते बियाणे पेरू नका. खर्च काही नाही. पण ज्या माणसाला वाटते की आपल्या हातात काहीच नाही, त्याने आठव्या दिवशी स्वतः मोजलेला आकडा स्वतःच्या वहीत लिहिला आणि त्यावरून पिशवी विकत घ्यायची की नाही हे स्वतः ठरवले, तर त्याचे पाय एकदा फळकुटापलीकडे पडले. आम्ही शेतीची पदवी घेतली तेव्हा ही चाचणी आम्हाला बियाण्याचा दर काढण्यासाठी शिकवली होती. तिचा हा दुसरा उपयोग पुस्तकात नव्हता.

चळवळीच्या कामालाही हेच माप लावावे. बाजार समितीचा काटा तपासून घेणे, वजनाची पावती प्रत्येकाने मागणे, जळालेले रोहित्र वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या मुदतीत बदलून घेणे आणि मुदत उलटली तर भरपाईचा अर्ज टाकणे, ही कामे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाहीत. पण अशी दोन कामे झालेले गाव तिसऱ्या वेळी बैठकीला न बोलावता येते. २०२४ च्या नोव्हेंबरात हमीभावाच्या सोयाबीन खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के झाली. भावाचा प्रश्न त्याने सुटला नाही. विधानसभेचे मतदान पाचसहा दिवसांवर होते, हेही खरे. तरी खरेदी केंद्रावरून माल परत घेऊन आलेल्या माणसांनी ओरड केली नसती तर तो कागद हलला नसता, आणि ही गोष्ट ज्या गावांना ठाऊक आहे तिथे बोलण्याचा सूर वेगळा आहे.

२०१६ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. पुढच्या वर्षी तालुके तीस झाले, त्याच्या पुढच्या वर्षी पंचाहत्तर. त्या बंधाऱ्यांत पाणी किती साठले आणि किती टिकले यावर वाद घालता येईल, आम्हीही घालू. पण "आमच्या गावात कोणी कोणाचे ऐकत नाही" असे म्हणणाऱ्या गावांतले लोक भर उन्हाळ्यात टिकाव-फावडे घेऊन डोंगरावर गेले, हे नाकारता येत नाही. का गेले? काम ४५ दिवसांचे होते, त्याला शेवटची तारीख होती. आज खणलेला चर संध्याकाळी मोजता येत होता. आणि शेजारचा आला की नाही हे दिसत होते. आधी हुरूप आला आणि मग माणसे गेली असे घडले नाही. चारजण गेले, चर दिसला, मग हुरूप आला, मग चाळीस गेले.

हा उलटा क्रम फार मोलाचा आहे. आपण सगळे समजतो की आधी मनाला वाटले पाहिजे, मग हात चालतील. बैल जुंपायच्या आधी त्याला हुरूप येण्याची वाट कोणी पाहत नाही; दोन तास निघाली की तो आपोआप चालीला लागतो. माणसाचेही बरेचसे तसेच आहे. "उमेद आली की वही लिहायला घेईन" म्हणणाऱ्याची वही कोरी राहते. "रोज रात्री जेवण झाल्यावर, ताट उचलायच्या आधी, त्या दिवसाचा खर्च दोन ओळींत" असे वेळ आणि जागा बांधून घेणाऱ्याची भरते. काम ठरवताना "करू या" म्हणू नये. कोण, कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, हे बोलून उठावे.

आता तिसरा प्रकार. काही माणसांचे डोके रिकामे नसते म्हणून ती बसलेली असतात. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ऊस तुटण्याआधी हातात पैसा नसताना आणि ऊस जाऊन पैसा आल्यावर, अशा दोन वेळी त्याच शेतकऱ्यांना बुद्धीची तीच कोडी घातली. तोडणीआधी त्यांचे गुण कमी आले, नंतर वाढले. माणूस तोच, बुद्धी तीच. देणेकऱ्याचा फोन, पोरीची फी, सोसायटीचा हप्ता यांची गिरणी डोक्यात सतत चालू असली की दुसऱ्या गोष्टीला जागा उरत नाही. या अभ्यासावर पुढे तज्ज्ञांत वादही झाले. पण आपल्याकडचा ऊसवाला हे वाचून "यात नवे काय" असे म्हणेल. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते चौदा दिवस किती लांबतात आणि त्या दिवसांत घरात काय चालते, हे त्याला कोणी सांगायला नको.

अशा माणसाला आणखी एक फॉर्म, आणखी एक ॲप, आणखी एक शेवटची तारीख सांगितली की तो मान हलवतो आणि विसरतो. ई-पीक पाहणी राहते, पीककर्जाचे नूतनीकरण राहते, विम्याचा अर्ज राहतो. मग आपण म्हणतो, याला स्वतःच्या भल्याचेही काही वाटत नाही. यावर उपाय साधा आहे. ही कामे एकेकट्याने करायचीच नाहीत. महिन्यातला एक दिवस ठरवा. सगळ्यांनी सातबारा, पासबुक, आधार घेऊन एका ओट्यावर बसायचे आणि मोबाईल चालवणाऱ्या दोन पोरांनी सगळ्यांचे करून द्यायचे. पारावर मोबाईलमध्ये डोके घालून बसलेली म्हणून ज्यांची तक्रार आली आहे तीच पोरे. त्यांना कोणी काम दिले आहे का, हेही अहवालात लिहायला हवे होते.

आणि चौथा प्रकार आजाराचा. याबद्दल आम्ही जरा स्पष्ट लिहिणार आहोत, कारण इथे गैरसमजाने जीव जातो. झोप उडाली आहे किंवा माणूस दिवसभर पडून आहे, जेवण तुटले आहे, आवडीच्या गोष्टीतही मन नाही, बैलाच्या पाठीवरून हातही फिरवावासा वाटत नाही, सगळा दोष माझाच असे बोलतो, मरणाची भाषा करतो, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालले आहे : तर ही मरगळ नव्हे, हा नैराश्याचा आजार आहे. मोझॅक ओळखतो तसा हा ओळखला पाहिजे. त्याला "मर्दासारखा ऊठ" म्हणणे हे जखमेवर मीठ आहे. तो उठू शकत नाही म्हणूनच आजारी आहे. अशा घरातले फवारणीचे औषध त्याच दिवशी दुसरीकडे, कुलपात हलवावे. माणसाला एकटे सोडू नये. थेट विचारावे, मनात मरणाचे विचार येतात का? विचारल्याने विचार येत नाहीत. विचारल्याने माणूस बोलतो.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. भेटीत काय केले? दिवसाची लहान लहान कामे ठरवून ती करायला लावली, कशाने बरे वाटले ते पाहिले, अडचण आली तर ती सोडवली. म्हणजे आधी हात, मग मन, हाच क्रम. तीन महिन्यांनी या रुग्णांत शंभरातले ६४ आजारातून बाहेर होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९. हा अभ्यास २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. तिथे आधी नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचार घेणारे शंभरात जेमतेम ४ होते, दीड वर्षाने ते २७ झाले. गावातल्याच माणसांनी घरोघर जाऊन बोलल्याने हे झाले. राज्य सरकारचा शेतकऱ्यांसाठीचा 'प्रेरणा प्रकल्प' २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत आला. त्यात आशाताईंनी घरोघर विचारपूस करायची आणि जिल्हा रुग्णालयात समुपदेशन, औषध मिळायचे अशी योजना आहे. टेलिमानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे, रात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येते. हा आकडा प्रत्येक शाखेच्या फळ्यावर लिहिलेला असावा.

हे लिहिताना एक गोष्ट सारखी टोचते. मरगळीच्या या सगळ्या अहवालांत बाईचा उल्लेख नाही. पुरुष बसला की दिसतो, कारण त्याचे काम थांबते. मायबहिणींचे काम थांबत नाही. चूल, पाणी, शेण, निंदणी, म्हातारी माणसे, पोरे यांना तिच्या मनाची सुट्टी नसते. त्यामुळे तिची उमेद मेली तरी भाकरी वेळेवर होते आणि कोणाला पत्ता लागत नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायका मोठ्या संख्येने जमल्या तेव्हा बायका घराबाहेर येतच नाहीत म्हणणारे गप्प झाले होते. आजही ज्या गावात बचत गटाची बैठक दर महिन्याला ठरल्या दिवशी होते आणि आपल्या शाखेची होत नाही, तिथे शाखेने गटातल्या बायकांना जाऊन विचारावे की तुम्ही हे कसे चालवता. वक्ता पाठवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

कोणी म्हणेल, तुम्ही धोरणाची लढाई सोडून गोणपाटावर दाणे मोजायला सांगता. तसे नाही. कांद्याची दोरी दिल्लीत कापली गेली, ती दिल्लीतच जोडून घ्यावी लागेल, आणि घरच्या कितीही नीट लिहिलेल्या वहीने निर्यातबंदी उठत नाही. शेतकऱ्याचे दुःख त्याच्या मनात आहे, बाजारात नाही, असे सांगत फिरणारे लोक अलीकडे वाढले आहेत. त्यांच्या पंगतीला आम्ही बसत नाही. पण दिल्लीला जायलाही उठावे लागते. ज्याला स्वतःच्या शेतात, स्वतःच्या बाजार समितीत, आपण केल्याने काही झाले असा अनुभव गेल्या पाच वर्षांत एकदाही आलेला नाही, तो दिल्लीच्या गाडीत बसणार नाही. बसला तरी तिकडून "सांगितले नव्हते का" म्हणत परत येईल.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीचा क्रम आम्ही थोडा बदलला आहे. भाषणे शेवटी, वेळ उरला तर. सुरुवातीला प्रत्येक शाखेने दोनच गोष्टी सांगायच्या : गेल्या बैठकीत कोणते काम ठरले होते आणि त्याचे काय झाले. झाले नसेल तर का, हेही तेवढ्याच शांतपणे सांगायचे. मग पुढचे एकच काम ठरवायचे, नाव, वार आणि वेळ लावून. मृगाच्या आधीच्या बैठकीला प्रत्येक गावातून निदान पाच घरांच्या उगवण चाचणीचे आकडे यावेत. गोणपाटे मेच्या तिसऱ्या आठवड्यात भिजवली म्हणजे आकडे वेळेत हातात येतील. ज्यांचे साठच्या खाली आले त्यांची यादी वेगळी आणा. कोणाकडे चांगले बियाणे शिल्लक आहे ते तिथेच विचारून घेऊ. आणि येताना शेजारच्या त्या न येणाऱ्या माणसाला गाडीवर मागे बसवून आणा. त्याला बोलायला लावू नका. आकडे लिहून घ्यायचे काम त्याच्याकडे द्या.